बिनउजेडाची खुर्ची

४ फेब्रुवारी

ही वही कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने भाचीला दिली होती, डोकं कधी दुखलं आणि किती दुखलं ते टिपायला. मग तिनेच सांगितलं की सगळं फोनमध्येच भरायचं आहे, वहीची गरज नाही. भाची म्हणाली, "घे मावशी. कोरा कागद दिसला की तुझे हात शिवशिवतात."

खरं आहे. चौतिसाव्या वर्षी खोक्यांवरच्या लेबलांवरून अक्षरं जुळवत लिहा-वाचायला शिकले. नंतर मोठ्या माणसांच्या वर्गाची परीक्षा दिली आणि शंभरात एक्क्याण्णव पाडले. तो कागद अजून भिंतीवर आहे. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तो दिसतो, मग मी.

आमचा कारखाना बाटल्यांचा. तयार बाटल्या एकीमागून एक पांढऱ्याशुभ्र, पेटलेल्या काचेसमोरून धावतात. त्या काचेला आम्ही पडदा म्हणतो. पडद्यासमोर बसायचं आणि बुडबुडा, चीर, केसाएवढा तडा दिसला की ती बाटली उचलून बाजूला टाकायची. मिनिटाला शंभरावर बाटल्या. वीस मिनिटं बसायचं, वीस मिनिटं उठायचं, नाहीतर डोळे मिटले तरी बाटल्याच पळतात. मी एकतीस वर्षं तिथे काढली. मग डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगायला लागले, गुडघेही कुरकुरायला लागले, तेव्हापासून खिडकीजवळच्या टेबलावर बसते. बाद झालेल्या बाटल्या हातात घेऊन पुन्हा एकदा बघायच्या, चांगली असेल ती परत पाठवायची. एक टेबल, एक खुर्ची, खिडकीचा साधा उजेड. निवृत्तीचं वय उलटून गेलं, पण दर एप्रिलला आणखी वर्षभर ठेवल्याचं पत्र मिळतं.

भाची सव्वीस वर्षांची. बहीण गेली तेव्हा अकराची होती, तेव्हापासून माझ्याकडेच. दोन वर्षांपूर्वी मीच तिला पडद्यावर चिकटवली. तिला अर्धशिशी आहे. सिस्टर मायग्रेन म्हणते. कारखान्याने आता त्यावर फोनमधला एक अभ्यास आणलाय. हातात पट्टी बांधायची, ती नाडी मोजते. फोनमधली बाई सांगेल तसं अंग सैल सोडायचं. सकाळी बारा मिनिटं, संध्याकाळी बारा, असे आठ आठवडे.

सिस्टर म्हणाली, "गोळी सोडायची नाही हं. हे गोळीऐवजी नाही, गोळीसोबत आहे. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण बऱ्याच जणांचे झटके कमी होतात."

मी विचारलं, "पास व्हायला किती लागतात?"

ती हसली. "मावशी, परीक्षा नाही ही. कमी आले तरी काही वाईट नाही. फक्त खरं भरा, त्यावरून पुढचं ठरेल."

असं सगळेच मास्तर म्हणतात.

६ फेब्रुवारी

फोनमध्ये एक तळं दिसतं. त्यावर लाटा असतात. माणूस शांत झालं की तळं शांत होतं आणि खाली शंभरातले गुण येतात. बोलणाऱ्या बाईचं नाव आम्ही तळ्यातली बाई ठेवलंय. "आता मुठी घट्ट आवळा... आता सोडा... आता खांदे कानांपर्यंत न्या... आता पडू द्या..." बाईचा आवाज असा की वासरूही झोपेल.

भाचीला मात्र पहिल्या दिवशी छत्तीस आणि आज एकोणचाळीस. डोळे मिटते पण पापण्या फडफडतात. मी मागून सांगत होते, "खांदे पाड, खांदे." ती म्हणाली, "मावशी, तू ओरडलीस की वर जातात."

कारखान्यात सुपरवायझरला कळलंच. त्याला सगळ्या बायका शिट्टी म्हणतात, कारण तो हाक मारत नाही, शिट्टी मारतो. पट्टी बघून म्हणाला, "वा! राणीसरकारांचं डोकं दुखतं म्हणून दागिना मिळाला. आमची पाठ दुखते, आम्हाला काय, पैंजण?" बायका खो खो हसल्या. मीही हसले थोडी. साहेबाच्या विनोदाला न हसून कसं चालेल?

अभ्यास चालू आहे तोवर सिस्टरने तिला वीसऐवजी दहाच मिनिटांची पाळी लावून दिली आहे. त्याचा शिट्टीला राग.

१५ फेब्रुवारी

अहो, फरक पडतोय! या आठवड्यात एकदाच दुखलं. तेही उलटीपर्यंत गेलं नाही. भाची चहा पिताना म्हणाली, "मला कळायचंच नाही गं, मी दिवसभर दात आवळून बसते. आता पडद्यासमोर मध्येच आठवतं, मग जबडा सोडते. येतं दुखणं, पण चोरासारखं येतं, दरोडेखोरासारखं नाही."

आजचे गुण एक्केचाळीस. मी म्हटलं, "एवढा फरक पडला तर गुण का वाढत नाहीत?"

"मला बरं वाटतंय ना? मरू देत गुण."

आजकालच्या मुलांना कशाचं काही नाही.

१८ फेब्रुवारी

काल मोठा झटका आला. दुपारी कामावरच एका डोळ्यापुढे चमचमणारं कुंपण उभं राहिलं म्हणाली, मग अर्धं जगच दिसेना. घरी आणली, आतल्या खोलीचे पडदे ओढले, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. घागरभर पाणी ओतावं तशी उलटी. सहा वाजता फोन किणकिणला, अभ्यासाची वेळ झाली म्हणून. ती कुठली उठते! रोज केल्याची साखळी असते त्यात, एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि तळ्यावर ढग येतो. बारा दिवसांची मेहनत एका डोकेदुखीपायी वाया जायची.

मग मीच पट्टी बांधली. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले, डोळे मिटले. मुठी आवळल्या, सोडल्या. पोटाने श्वास घेतला. बाई बोलतेय आणि मी कुठल्या कुठे. डोळे उघडले तर तळं आरशासारखं. अठ्ठ्याऐंशी!

आज सकाळी तिने पाहिलं आणि एवढी हसली की डोकं धरून बसली. "मावशी, मी उलट्या करत होते आणि अठ्ठ्याऐंशी पाडले? बेशुद्ध पडले असते तर शंभर आले असते!"

मला तिचं हसू बघून बरं वाटलं. म्हटलं, "दुखतं त्या दिवशी मी करत जाईन. कुणाला कळतंय?"

"कर बाई. तुझाही बीपी उतरेल."

२६ फेब्रुवारी

आज शिट्टी माझ्या टेबलाशी आला. शिट्टी न मारता आला. एक बाटली उचलली, उजेडाकडे धरली, परत ठेवली.

"मावशी, भाचीचं कसं काय?"

"सुधारतंय साहेब."

"सुधारू दे बाई. नाही सुधारलं तर सिस्टर लिहून देणार की हिला पडदा चालत नाही. मग मला तिला दुसरीकडे बसवावं लागेल, नियमच आहे. पॅकिंगला गोंदाचा वास, तोही चालायचा नाही म्हणे. भट्टीवर तर नाहीच. बिनउजेडाची खुर्ची आख्ख्या कारखान्यात एकच आहे." आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर टिचकी मारली. "आणि तुमचं पत्र एप्रिलमध्ये. नाही का?"

मी म्हटलं, "साहेब, घरचीच आहे की ती. खुर्ची माझी काय, तिची काय." असं म्हणाले मी. अगदी हसत म्हणाले.

घरी येताना मात्र एकच विचार डोक्यात. ही मुलगी सव्वीस वर्षांची. आत्तापासून म्हाताऱ्यांच्या खुर्चीत बसली तर कारखान्यात तिची काय किंमत राहील? लोक म्हणतील, अधू आहे. लग्नाचं बघायचं म्हटलं तरी हेच पुढे येईल. नाही, तिला बरंच करायला हवं. तिच्या भल्यासाठीच.

२७ फेब्रुवारी

आजपासून दोन्ही वेळचा अभ्यास मीच करते आहे. सकाळी ब्याण्णव, संध्याकाळी नव्वद.

५ मार्च

भाचीशी थोडी वादावादी. सकाळी मी पट्टी बांधून बसले तर म्हणाली, "आज दे ना मला. काही दुखत नाहीये, मी करते."

"तुझे चाळीस येतात."

"येऊ देत. मला त्याने बरं वाटायचं."

"आता गाडी नव्वदीवर चढली आहे, तू मध्येच चाळीस टाकलेस तर सिस्टरला संशय येईल. आठ आठवडे संपू दे, मग कर की जन्मभर."

"अगं, पण झटके माझे कमी व्हायचे होते ना?"

"होतील. तू नुसता फोन बघ. आलेख बघ कसा चढलाय."

नंतर ती आतल्या खोलीत नुसतीच बसलेली दिसली, मुठी आवळत होती, सोडत होती. बाईचा आवाज नाही, पट्टी नाही, असं काय होणार? मी म्हटलं, "उशीर होतोय, डबा भर." उठली.

बाकी तळ्यातल्या बाईचं कौतुक करावं तेवढं थोडं. मला इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. गुडघेसुद्धा कमी बोलतात.

१४ मार्च

दहा दिवसांत हा चौथा. आज दोन वाजता अर्ध्या दिवसाची रजा मागून घरी आली, मी सहाला पोचले तर न्हाणीघरात जमिनीवर गाल टेकून पडली होती. फरशी गार लागते म्हणाली. केसाला हात लावला तरी किंचाळते. आठ वाजेपर्यंत उलट्या चालू होत्या.

मधल्या वेळात मी अभ्यास उरकला. पहिल्यांदा जमेना, तिचा आवाज येत होता. मग न्हाणीघराचं दार लोटलं आणि बाईचा आवाज वाढवला. चौऱ्याण्णव. आजवरचे सगळ्यांत जास्त.

पडद्यावरच्या बायकांनी तिला नवीन नाव पाडलंय, काचेची बाहुली. ती लवकर उठली की तिची पाळी त्यांच्यापैकी एकीला भरावी लागते, त्यांचा राग मी समजू शकते. मी पण त्यांच्यातच वाढले. एकीने आज मला ऐकवलं, "मावशी, आमच्या डोक्यांना कुणी मावशी नाही, म्हणून दुखत नाहीत." मी म्हटलं, "तुमच्याकडे ती वस्तू असती तर दुखली असती." सगळ्या हसल्या. बाजू घ्यायची वेळ आली की मी मागे राहत नाही.

२२ मार्च

फोन रोज विचारतो, आज किती दुखलं? पाच चेहरे दाखवतो, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. इतके दिवस भाचीच बोट लावायची. हल्ली ती फोनकडे बघतच नाही, उजेड सोसत नाही म्हणते, मग मी विचारून लावते. आज विचारलं तर म्हणाली, "शेवटचा. अजून एक पुढे असेल तर तो."

मी दुसरा लावला. तो अगदी हसराही नाही आणि दुःखीही नाही, जसा दवाखान्यात रांगेत बसलेल्या माणसाचा असतो तसा. अभ्यासाला नव्वद गुण आणि चेहरा रडका, हे जुळणार कसं? जे जुळत नाही ते कागदावर वाईट दिसतं. आणि माणसाने चांगलं चांगलं म्हटलं की चांगलं होतं, हा माझा अनुभव आहे.

खरं सांगायचं तर या महिन्यात आत्तापर्यंत आठ झटके झाले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठवड्यात एक होता. हवा बदलतेय म्हणून असेल.

३ एप्रिल

आज निकाल. सिस्टरच्या खोलीत मी, भाची, शिट्टी, आणि फोनच्या पडद्यावर कारखान्याचे मोठे डॉक्टर. मला बोलावलं नव्हतं, पण मी गेले. मुलांच्या निकालाला घरचं माणूस नको?

डॉक्टर म्हणाले, "उत्तम प्रतिसाद! इतकी नियमित व्यक्ती मी या सबंध अभ्यासात पाहिली नाही. सरासरी नव्वदच्या वर, दुखण्याची तीव्रता सौम्य. पूर्ण पाळीला योग्य." आणि पडद्यावरून गेलेच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या शिकलेल्या माणसाने माझ्या श्वासाला उत्तम म्हटलं.

भाची म्हणाली, "पण सिस्टर, मला मार्चमध्ये दहा वेळा झालं. मी रजा घेतल्यात."

शिट्टीने लगेच कागद काढला. तयारीनेच आला होता. "हो, त्या रजांचंच बोलू. चौदा मार्च. दुपारी दोनला राणीसरकार मरणाचं डोकं दुखतंय म्हणून घरी. आठपर्यंत उलट्या, असं दुसऱ्या दिवशी सिस्टरला सांगितलं. आणि इथे काय लिहिलंय? संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटं, गाढ शांत, चौऱ्याण्णव. उलट्या करताना? आम्हाला पण शिकव की ही कला."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं लहान मूल रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाच्या हाताकडे बघतं तसं.

सिस्टर हळूच म्हणाली, "मावशी, पट्टी तिच्याच हातावर होती ना?"

मी विचार केला, आता खरं सांगितलं तर दोघी खोट्या ठरू. दोघींचं जाईल. एकीचं तरी राहायला हवं, म्हणजे ती दुसरीला सांभाळू शकेल. एवढं सगळं मला एका क्षणात सुचलं.

मी म्हटलं, "तिचीच मेहनत हो सिस्टर. पोरीने फार मन लावून केलं."

शिट्टी म्हणाला, "झालं तर मग. सोमवारपासून वीस मिनिटं. आणि इतके दिवस बाकीच्या बायकांनी हिच्या पाळ्या भरल्यात, आता ही त्यांच्या भरेल. सलग दोन."

भाची पंख्याकडे बघत होती.

४ एप्रिल

संध्याकाळी कपडे घडी घालताना भाची म्हणाली, "मावशी, एक मागू? दोन आठवडे तुझी खुर्ची दे. तू पडद्यावर नको बसूस, तू रजा घे. तुझ्या रजा साठल्यात. मी दोन आठवडे पट्टीबिट्टी काही न बांधता माझं मी करते, पहिल्यासारखं. मला जमत होतं गं ते. थोडं थोडं जमत होतं."

मी म्हटलं, "खुर्ची माझी थोडीच आहे, राणी. साहेबांना विचारावं लागेल."

"मग विचार."

"विचारते की. सोमवारी विचारते."

७ एप्रिल

शिट्टी आज कामात होता. त्याचा मूड बघून विचारलेलं बरं.

८ एप्रिल

आजही नाही जमलं. पत्रं याच आठवड्यात निघणार आहेत. ती निघाली की निवांत विचारेन. घाई केली तर तिचंच नुकसान.

भाचीने सलग दोन पाळ्या केल्या. बाहेर आली तेव्हा भिंतीला हात लावत चालत होती. मी खिडकीतून हात हलवला. तिला दिसला नसेल.

९ एप्रिल

व्हायचं ते झालं.

दुपारी दुसऱ्या सलग पाळीला भाचीच्या डोळ्यांपुढे ते कुंपण आलं. तिने हात वर केला म्हणतात, शेजारच्या बायकांना वाटलं, परत नाटक. कुणी जागा घेतली नाही. उठून जावं तर सरकत्या पट्ट्यावर बाटल्या तशाच पुढे जाणार, म्हणून ती बसून राहिली. अर्ध्या डोळ्याने बाटल्या बघत राहिली. त्यात तळाला चीर असलेल्या सत्तावीस बाटल्या निघून गेल्या. पॅकिंगमधल्या एका बाईने एक उचलली ती हातातच फुटली. तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटला. दोन बोटं वळत नाहीत म्हणे.

बाद केलेल्या बाटल्यांमध्ये उलट चांगल्याच बाटल्या निघाल्या. मीच बघितल्या ना. एकशेदहा. एकेक उजेडाकडे धरली, एकीतही काही नव्हतं.

शिट्टी तिच्यावर ओरडला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "डोकं दुखत होतं?" ती हो म्हणाली. त्याने डॉक्टरांचा कागद तिच्यासमोर धरला, "यात नाही म्हटलंय." हलगर्जी म्हणून तिला उद्यापासून येऊ नको सांगितलं. वर सिस्टरला म्हणाला, चौकशी तीन दिवसांत, काही म्हणायचं असेल तर लेखी.

१० एप्रिल

सिस्टर जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. उभ्याउभ्याच बोलली. "मावशी, नव्वद गुण सव्वीस वर्षांच्या अर्धशिशीवालीचे नाहीत. ते झोपाळू म्हातारीच्या नाडीचे आहेत. पहिले बारा दिवस तिचे आहेत, ते मी बघितले. तेव्हा खरोखर उतार होता. तुम्ही ते तिच्याकडून काढून घेतलंत." मग आवाज खाली आणला. "मी कुणाला दोष द्यायला आले नाही. एक ओळ लिहून द्या. पट्टी माझ्या हातावर होती, एवढंच. डॉक्टरांचा कागद रद्द होईल. तिला पडद्यावर बसवलं ही कारखान्याची चूक ठरेल. नोकरी वाचेल तिची."

"आणि माझी?"

"ते मला माहीत नाही. खोटं नाही बोलणार तुमच्याशी."

तिने कोरा कागद ठेवला, वर पेन ठेवलं. फार चांगली मुलगी आहे. आईबापांनी छान वाढवलीय.

मी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. म्हटलं, "सिस्टर, मी अडाणी बाई. मला कुठलं लिहायला येतंय!"

ती कागद उचलून घेऊन गेली.

१२ एप्रिल

चौकशी पाच मिनिटांत आटपली. भाचीने काही लेखी दिलं नाही, तोंडीही नाही. माझं नाव तिने काढलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. संस्कार म्हणतात ते हेच.

दुपारी माझं पत्र आलं. या वेळी एक नाही, दोन वर्षांचं.

संध्याकाळी ती बॅग भरत होती. शाळेतली एक मैत्रीण आहे, तिच्याकडे राहायला चालली. मी डबा करून दिला, जाडी चादर दिली, गोळ्यांचं पाकीट वरच्या कप्प्यात ठेवलं. तिने चादर काढून पलंगावर ठेवली, गोळ्या राहू दिल्या.

मी म्हटलं, "रागावलीस होय माझ्यावर? मी काय केलं ते तुझ्या चांगल्यासाठीच ना?"

तिने बॅगेची चेन ओढली.

"बरं, डोकं कसं आहे आज, तेवढं तरी सांग."

ती दारात वळली. चेहरा पांढराफटक होता, एक डोळा अर्धा मिटलेला. "तू सांग ना मावशी. दोन महिने तूच सांगतेयस. किती दुखतंय माझं?"

असं तोडून बोलायची सवय तिला कुठून लागली कोण जाणे. माझ्या बहिणीचा स्वभाव असा नव्हता.

बॅग तिने स्वतः उचलली. मी जिन्यापर्यंत गेले. भिंतीला हात लावत उतरली.

१९ एप्रिल

आठवड्यात फोन नाही. येईल, राग उतरला की येईल. माणसाला आपलं माणूस लागतंच.

कारखाना अभ्यासाची दुसरी तुकडी काढतोय. मोठ्या डॉक्टरांनी म्हणे विचारलं, ती इतकी नियमित मुलगी कुणाच्या देखरेखीखाली होती. शिट्टीने माझं नाव दिलं. सिस्टर काही बोलली नाही, तिने बदली मागितलीय असं ऐकलं. तर आता मी रोज सकाळी अर्धा तास नव्या मुलींना बसवून अंग सैल सोडायला शिकवायचं. खुर्ची तीच, काम थोडं वाढलं. मानाचं आहे.

आज पहिली आली. एकोणीस-वीसची असेल, पडद्यावर तीन महिने झालेत. कपाळाची एक बाजू तळहाताने दाबून बसली होती. आवाजसुद्धा निघत नव्हता तिचा. पट्टी बांधून घेताना म्हणाली, "मावशी, खरं सांगा हं. याने थांबतं का हो?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "थांबतं गं बाळा. माझ्या भाचीचं थांबलं."

तिचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं.